खाटेवरून खुर्चीकडे : मेडिकल कॉलेज आणि आपली लेकरं

मागच्या रविवारी विहारात वंदना संपली, मुलं खिरीच्या वाट्या घेऊन अंगणात पांगली आणि एक ताई माझ्याजवळ येऊन बसल्या. खोपोलीजवळच्या एका कारखान्यात त्या कंत्राटी कामगार आहेत. त्यांचे यजमान रिक्षा चालवतात. हातात मुलीच्या निकालाचा कागद होता, चार घड्या घातलेला. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही ऑफिसात असता, तुम्हाला कागद कळतात. पोरीला नीटच्या परीक्षेत बरे मार्क आहेत म्हणतात. पण घरचे म्हणतात, डॉक्टरकी म्हणजे पैसेवाल्यांचं काम. हिला बी.एस्सी.ला घाल आणि दोन-तीन वर्षांत उजवून टाक. खरं सांगा, आपल्या पोरीनं मेडिकल कॉलेजात जायचं मनात आणावं का? तिथं आपलं कोण आहे?"

मी बी.कॉम. झालेला साधा कारकून. जमाखर्च सोडून मला दुसरं शास्त्र येत नाही. तरीही ताईंचा शेवटचा प्रश्न माझ्या मनातून जाईना. तिथं आपलं कोण आहे? घरी येईपर्यंत मला उत्तर सापडलं होतं. मेडिकल कॉलेजात आपण फार पूर्वीपासून आहोत. फक्त आपण तिथं खाटेवर आहोत. खुर्चीवर बसायचं राहिलं आहे.

आईची खाट

१९९८ साली मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. आईला जिना चढताना धाप लागायची, रात्री उशा रचून बसून झोपावं लागायचं. कर्जतच्या डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यायला सांगितलं. पहाटेची लोकल पकडून आम्ही गेलो. आईला दाखल करून घेतलं.

तिच्या हृदयाची एक झडप आवळली होती. लहानपणी घसा सुजून ताप येतो, सांधे दुखतात, घरात कोणी फार लक्ष देत नाही. त्यातून पुढं काही मुलांच्या हृदयाची झडप खराब होते. दाटीवाटीच्या वस्तीत, एका खोलीत सात-आठ माणसं राहतात तिथं हा आजार जास्त. थोडक्यात, गरिबाघरचा आजार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर आले. त्यांच्या मागे दहा-बारा विद्यार्थी. आईच्या छातीत रक्त वाहताना जो वेगळा आवाज यायचा, तो शिकण्यासारखा होता. डॉक्टर इंग्रजीत बोलले आणि एकेक विद्यार्थी पुढं होऊन आईच्या छातीला नळी लावू लागला. मधे पडदा ओढायचं कोणाला सुचलं नाही. "बाई, तुमचं नाव काय, आम्ही तपासू का?" असं कोणी विचारलं नाही. आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी पायथ्याशी उभा होतो. राग आला होता, पण तोंड उघडायची हिंमत नव्हती.

संध्याकाळी त्याच घोळक्यातली एक मुलगी एकटीच परत आली. आईजवळ बसली. आपली मूठ आवळून, थोडी उघडून दाखवत म्हणाली, "मावशी, झडप अशी उघडायला हवी, तुमची एवढीच उघडते. फुगा घालून ती मोकळी करता येते. छाती फाडावी लागत नाही." तोवर आईला काय झालंय हे आम्हाला एकानेही समजावून सांगितलं नव्हतं.

आईवर ते उपचार झाले. पुढं दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेत ती अकरा वर्षं जगली, नातवंडं खेळवली. त्या दवाखान्याचे आमच्यावर उपकार आहेत आणि त्या सकाळचा सलही आहे. आई मात्र हसून सांगायची, "माझ्या छातीवर बारा पोरं डॉक्टर झाली." तिच्या त्या बोलण्यातच वैद्यकीय शिक्षणाचं मर्म आहे.

ही कॉलेजं कशावर उभी आहेत?

मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झालं, शेजारी जे. जे. रुग्णालय. तिथली पहिली तुकडी १८५१ साली बाहेर पडली. डॉ. भाऊ दाजी लाड त्या तुकडीतले. आपल्या माईसाहेब, डॉ. सविता आंबेडकर, याच कॉलेजातून एम.बी.बी.एस. झाल्या.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्यावर लस शोधण्याचं काम डॉ. हाफकिन यांनी याच कॉलेजच्या एका खोलीत केलं. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर ती पारखली गेली भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर. शोध लावणाऱ्याचं नाव राहिलं, त्या कैद्यांची नावं कोणाला ठाऊक नाहीत.

परळचं के.ई.एम. रुग्णालय आणि शेठ जी. एस. मेडिकल कॉलेज १९२६ सालचं. त्या काळी सरकारी कॉलेजात प्राध्यापकाच्या जागा गोऱ्या अधिकाऱ्यांनी अडवलेल्या होत्या. म्हणून देणगीदारांनी अट घातली की इथं भारतीय डॉक्टरच शिकवतील. शिकवणाराच्या खुर्चीवर कोण बसतो हा प्रश्न आपणच नव्यानं काढलेला नाही. शंभर वर्षांपूर्वी तो गोरा की भारतीय असा होता. आज तो आपल्या वस्तीपर्यंत आला आहे, एवढंच.

आणि आणखी एक गोष्ट. डॉक्टर होणाऱ्याचा पहिला गुरू हा मेलेला माणूस असतो. पहिल्या वर्षी शरीररचना शिकताना विद्यार्थी मृतदेहावर शिकतात. १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्यानं रुग्णालयात किंवा रस्त्यावर मरण पावलेल्या बेवारस माणसाचा देह कॉलेजला देता येतो. बेवारस कोण असतो? फूटपाथवर झोपणारा, गाव सोडून आलेला मजूर, घरच्यांनी टाकलेली म्हातारी. अलीकडे लोक समजून उमजून देहदान करू लागले, ही चांगली गोष्ट आहे. ज्यांना इच्छा असेल त्यांनी कॉलेजच्या शरीररचना विभागातून अर्ज आणून दोन साक्षीदारांसह भरून द्यावा आणि घरच्यांना नीट सांगून ठेवावं, कारण शेवटी निरोप त्यांनीच पाठवायचा असतो. बऱ्याच कॉलेजांत आता विद्यार्थी पहिल्या दिवशी त्या देहाला मान देण्याची शपथ घेतात.

म्हणजे मेल्यावर गरीब माणूस शिकवतो आणि जिवंतपणी वॉर्डात पडूनही गरीबच शिकवतो. खासगी खोली घेणाऱ्याच्या छातीला बारा विद्यार्थी नळी लावत नाहीत. डॉक्टरकीचं शिक्षण आपल्या अंगावरून जातं, मग त्या शिक्षणावर आपला हक्क का नाही?

साडेचार वर्षं आणि एक वर्ष

आता ताईंसारख्या पालकांसाठी अभ्यासक्रम सोप्या शब्दांत सांगतो. एम.बी.बी.एस.चा अभ्यास साडेचार वर्षांचा, त्यानंतर एक वर्ष प्रत्यक्ष दवाखान्यात काम, त्याला इंटर्नशिप म्हणतात. पहिल्या वर्षी शरीर कसं बनलंय, कसं चालतं आणि त्यातलं रसायन. दुसऱ्या वर्षी आजार कसा होतो, जंतू कोणते, औषधं कोणती. पुढं सार्वजनिक आरोग्य, न्यायवैद्यक, डोळे, कान-नाक-घसा. शेवटी मोठे विषय: मेडिसिन, शस्त्रक्रिया, बाळंतपण आणि बालरोग.

महाराष्ट्रात १९९८ साली नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालं. अभिमत विद्यापीठं सोडली तर राज्यातली बहुतेक मेडिकल कॉलेजं त्याच्याशी जोडलेली आहेत, परीक्षा तेच घेतं.

२०१९ पासून अभ्यासक्रमात एक मोठा बदल झाला. रोग्याशी कसं बोलावं, त्याची संमती कशी घ्यावी, वाईट बातमी कशी सांगावी, हे आता अभ्यासक्रमाचा भाग म्हणून शिकवतात. आमच्या आईजवळ मूठ उघडून बसलेल्या मुलीला जे आतून सुचलं होतं, ते आता अभ्यासात आलं आहे. २०२२ पासून दुसरा बदल. विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी गावातली काही कुटुंबं दत्तक दिली जातात. तो त्यांच्या घरी जातो, वजन, रक्तदाब, पाणी, संडास, लसी यांची नोंद ठेवतो आणि पुढची वर्षं त्या घरांशी संबंध राखतो. शिवाय एम.डी., एम.एस. करणाऱ्यांना तीन महिने जिल्हा पातळीवरच्या सरकारी आरोग्यसेवेत काम करावं लागतं. कागदावर हे उत्तम आहे. कागदावरचं गावात उतरवणं हे आपलं काम आहे.

संशोधन म्हटलं की परदेश आठवतो

संशोधन म्हणजे काचेच्या नळ्या आणि अमेरिका, असं आपल्याला वाटतं. पण जगानं दखल घेतलेलं एक संशोधन आपल्याच रायगड जिल्ह्यात झालं. जालना जिल्ह्यातल्या गरीब शेतकरी घरातून, कष्ट करत शिकलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले आणि १९७६ साली महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशानं तेव्हा माणसं, विशेषतः लहान मुलं, पटापट जात होती. भात झोडताना, लाकडं उचलताना, अंधारात अनवाणी चालताना दंश व्हायचा. घाम सुटायचा, हातपाय गार पडायचे, तोंडाला फेस यायचा आणि माणूस संपायचा.

डॉक्टर रोग्याच्या खाटेशी रात्रभर बसले. दर थोड्या वेळानं नाडी, रक्तदाब, घाम, श्वास लिहून ठेवत गेले. विषानं रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर भार येतो, फुप्फुसात पाणी भरतं, हे त्या नोंदींतून उलगडलं. मग आवळलेल्या वाहिन्या सैल करणारं, रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे औषध त्यांनी वापरून पाहिलं. माणसं वाचू लागली. १९८२ आणि १९८६ साली त्यांचं हे काम इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या नामवंत साप्ताहिकात छापून आलं. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या कामात बरोबरीनं होत्या. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

हे का सांगतो? ज्याच्या घरात विंचू चावतो, त्यालाच विंचवावर संशोधन करावंसं वाटतं. आपल्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांतलं कुपोषण, वीटभट्टीवरच्या बाळंतिणी, पाताळगंगेच्या काठी कारखान्यांत काम करणाऱ्यांचा खोकला, यांवर कोण अभ्यास करणार? ज्याची आई तिथं राबली आहे तो करील.

मात्र एक सावधगिरी सांगून ठेवतो. आपल्यावर कोणी संशोधन करत असेल, नवीन औषध देऊन पाहत असेल, तर आपल्याला समजेल अशा भाषेत सगळं सांगून लेखी संमती घेणं बंधनकारक आहे. नाही म्हणण्याचा आपल्याला हक्क आहे आणि नाही म्हटलं म्हणून नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. औषधाच्या चाचणीत इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. अंगठा उठवण्याआधी विचारा, कागदाची प्रत मागा.

अलिबागचं कॉलेज आणि आपले दोन तालुके

आपल्या जिल्ह्यात २०२१ साली अलिबागला सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, दर वर्षी १०० जागांचं. त्याआधी १९८९ पासून कामोठ्याला एम.जी.एम.चं खासगी कॉलेज आहे. पण कर्जत-खालापूरची अडचण वेगळी. आपली रेल्वे मुंबईकडे धावते आणि आपला जिल्हा अलिबागला. कशेळे, कळंबच्या माणसाला अलिबाग गाठायचं तर एस.टी. बदलत दिवस मोडतो. म्हणून आजारी माणूस लोकलमध्ये घालून आपण मुंबई गाठतो.

आपल्याकडं कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, कशेळे आणि चौकला ग्रामीण रुग्णालयं आहेत. इमारती आहेत, माणसं कमी पडतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा पायवाटेनं डोंगर चढल्याशिवाय मदत पोचत नव्हती. डोंगरावरच्या वाडीत माणूस कसा जगतो हे ज्या डॉक्टरनं शिकतानाच पाहिलेलं नाही, तो पुढं इथं कसा टिकेल?

म्हणून आपल्या मंडळांनी, महिला मंडळांनी आणि ग्रामपंचायतींनी ठराव करून एक मागणी करावी. मेडिकल कॉलेजांच्या विद्यार्थ्यांची दत्तक कुटुंबं, इंटर्न डॉक्टर आणि एम.डी.च्या विद्यार्थ्यांचे तीन महिने यांतला वाटा कर्जत, कशेळे, चौकला मिळावा. सरकारी कॉलेजात शिकलेल्या डॉक्टरला एक वर्ष सरकारी सेवेचं बंधनही आहे. दहा लाख रुपये भरून ते टाळण्याची सोय होती. ज्याच्याकडं दहा लाख नसत तो सेवा करी. तेव्हा सेवा करणारी मुलं कोणत्या घरांतून येतील, याचा हिशेब कारकुनालाही जमतो.

पालकांनी काय करावं?

मुलगा किंवा मुलगी दहावीत असतानाच तयारीला लागा. अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र हवंच. नीटचा पेपर १८० प्रश्नांचा, ७२० गुणांचा. त्यातले निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक कापला जातो. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. कॉलेजातलं शिक्षण मात्र इंग्रजीत आहे, तेव्हा रोज पानभर इंग्रजी वाचायची सवय आत्तापासून लावा.

आता माझ्या खात्यातला विषय, कागदपत्रं. गुण असूनही कागद नाही म्हणून जागा गेली, असं होऊ देऊ नका. राज्याच्या कोट्यात अनुसूचित जातींना १३ टक्के आणि जमातींना ७ टक्के जागा आहेत. १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून बौद्धांना केंद्राच्या सवलतीही मिळतात. केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा असतो, तोही काढून ठेवा. जातीच्या दाखल्यावर भागत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, जुनी महसुली कागदपत्रं शोधा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाचं वैधता प्रमाणपत्र झालेलं असेल तर काम सोपं होतं. आजोबांच्या कागदावर एक नाव, वडिलांच्या कागदावर दुसरं आडनाव, हे आपल्याकडं घरोघरी आहे. प्रतिज्ञापत्र करून ते आधीच जुळवून घ्या. हे काम महिन्यांचं आहे, आठवड्याचं नाही.

फीची धास्ती घेऊ नका. अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर शिष्यवृत्ती आहे, त्यावर फ्रीशिप आहे. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेचा अर्ज करता येतो. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला मात्र शिष्यवृत्ती मिळत नाही. "पाच लाख द्या, सीट पक्की" म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा.

आणि मुलीला आत पाठवल्यावर तिला विसरू नका. पहिल्या वर्षी इंग्रजी अंगावर येतं. कोणी आडनाव विचारतं, कोणी राखीव जागेवरून टोमणा मारतं. काही मुलं एकटी पडतात, खचतात. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात १९९९ पासून आहे, अॅट्रॉसिटीचाही कायदा आहे. तक्रार लेखी करावी, पोच घ्यावी. पण कायद्याच्या आधी घर लागतं. दर रविवारी फोन करा. "मार्क किती" हा प्रश्न मागाहून, "जेवलीस का, कोणी त्रास देतं का" हा आधी. एखाद्या विषयात नापास झाली तर लगेच "परत ये" म्हणू नका.

उकिरड्यावरचा वैद्य

जीवकाची गोष्ट आपण विहारात ऐकतो. जन्मताच उकिरड्यावर टाकून दिलेलं ते पोर. राजपुत्र अभयानं त्याला उचलून वाढवलं. मोठा होऊन तो तक्षशिलेला गेला, सात वर्षं शिकला. शेवटी गुरूनं परीक्षा घेतली. सांगितलं, एक योजन परिसरात हिंड आणि औषधी नाही अशी वनस्पती घेऊन ये. जीवक सगळं रान फिरला आणि रिकाम्या हातानं परतला. औषधी नाही असं काहीच त्याला दिसलं नव्हतं. गुरू म्हणाले, तुझं शिक्षण पुरं झालं. तोच पुढं भगवान बुद्धांचा वैद्य झाला. उकिरड्यावर टाकलेलं पोरही निकामी नसतं, हे या गोष्टीचं सार मला वाटतं.

ताईंना मी सांगितलं, "जागा मिळेलच असं वचन देत नाही. ते गुणांवर आणि यादीवर आहे. पण अर्ज भरायचाच. यंदा नाही झालं तर एक वर्ष आणखी द्यायचं. लग्न कुठं पळून जात नाही."

बुधवारी संध्याकाळी त्या मुलीला घेऊन आमच्या घरी आल्या. पत्र्याच्या पेटीतून काढलेले सासऱ्यांचे कागद सोबत होते. एक शाळेचा दाखला, कडेला वाळवी लागलेला. पण वर्ष स्पष्ट वाचता येत होतं: १९४७. मी तो दाखला दिव्याखाली धरला आणि मुलीला म्हटलं, "बाळा, हा तुझ्या आजोबांच्या शाळेचा कागद आहे. जपून ठेव."

तिनं तो ओढणीत गुंडाळून छातीशी धरला. वैधता प्रमाणपत्राचा अर्ज आम्ही त्याच रात्री भरायला बसलो.